समोर एकच माणूस

सडक अर्जुनीला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, ते घरमालक फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, आवाज येऊन राहिला," म्हणत. समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसायचं. सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. खांबावर चढण्यापासून सुरुवात झाली आणि शेवटी ते एक्स्चेंजमध्ये यंत्रांसमोर बसले. मग लोकांनी घरचे फोन काढून टाकले, खात्याने माणसं कमी केली आणि काका मुदतीआधीच घरी आले. एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे. दाराला कुलूप, आत वटवाघळं. संध्याकाळी फिरायला म्हणून निघून काका तिच्या पायरीवर जाऊन बसत. तिथे काय करता, असं मी एकदा विचारलं.

"काई नाई. ऐकतो," म्हणाले.

मी वर्ध्याहून तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायला आले होते. घर हायवेपासून जरा आत, पण जड ट्रक गेला की मांडणीवरची भांडी वाजत. खोली दाखवताना काकांनी पाण्याबद्दल किंवा शेजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "इंटरनेट खालचंच घ्या. भाड्यातच आहे. पन मी सांगन तवा बंद कराचं."

ही अट मला तेव्हा गमतीची वाटली होती. आठवडाभरात कळलं की ते दिवसातून कितीही वेळा सांगतात. जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडत, "मॅडम, बंद करा!" मी व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत असले तरी तसंच. एकदा मी चिडून खाली गेले, तर काका कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. पडद्यावर एकच खिडकी उघडी आणि तिच्यात एक हिरवी पट्टी, जी सरकत नव्हती.

"पाहा," ते म्हणाले. "तुमी बंद केलं तरी तितलंच."

टोरंटवरून ते काहीतरी उतरवून घेत होते. टोरंटची रीत साधी आहे. फाइल कुठल्या कंपनीच्या कपाटात नसते. ज्यांच्या घरी ती आहे त्यांच्या कॉम्प्युटरवरून ती तुकड्यातुकड्याने आपल्याकडे येते. देणारे पुष्कळ असले तर घटकेत येते. देणारा एकच असला आणि त्याने आपलं मशीन बंद केलं, की आपण कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी वाट बघत बसायचं.

काकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते दोष लाइनमध्ये होता, आणि लाइनमधला दोष शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आधी त्यांनी वाय-फायला दोषी धरलं. भिंतीला भोक पाडून राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर आणली. ती वायर देवघरावरून गेली. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या माझ्याशी. "देवाच्या डोक्यावून वायर नेली, मॅडम. यायले सांगून फायदा नाई." वायरीने काही फरक पडला नाही. मग फ्रिज. त्याचा कंप्रेसर सुरू झाला की वेग पडतो, असं काकांचं ठाम मत झालं आणि ऐन उन्हाळ्यात फ्रिज बंद राहू लागला. दूध नासलं, कालवण आंबलं. काकू नासलेल्या दुधाचं पातेलं त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवत आणि काही न बोलता निघून जात. मग वानरं. खांबांवरून येणाऱ्या केबलला वानरं लोंबकळतात हे खरंच होतं. काका लांब बांबू घेऊन भर दुपारी हायवेपर्यंत एकेक खांब बघत जात. ढाब्यावरची माणसं हसत. काकांना त्याचं काही वाटत नसे. उन्हाने चेहरा करपला, पायांना फोड आले, आणि हिरवी पट्टी होती तिथेच राहिली.

कनेक्शन देणारा माणूस तर त्यांना बघून गाडी वळवायचा. एकदा काकांनी त्याला चौकात गाठून घरी आणला. मीही होते. त्याने सगळं तपासलं आणि समजावून सांगितलं, की या गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचा इंटरनेटवर मिळून एकच पत्ता आहे. त्यामुळे इथून बाहेर कुणालाही जोडता येतं, पण बाहेरच्याला थेट काकांच्या मशीनपर्यंत येता येत नाही. टोरंटला त्याने अडचण होते. वेगळा पत्ता हवा असेल तर जास्तीचे पैसे पडतील.

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. "मनजे पी.पी. नंबर!"

कनेक्शनवाल्याला पी.पी. नंबर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आपल्या घरी फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि कुणाचा फोन आला की शेजाऱ्याने हाक मारायची. पूर्वी अर्ध्या गावाचं तसंच चाले. काकांनी त्याला ते इतक्या आनंदाने सांगितलं, की तोही चहा संपेपर्यंत बसला. तो गेल्यावर काका म्हणाले, "पन मीच फोन लावून राहिलो न त्याले. मंग पी.पी. असला तरी काय फरक पडते?"

ते बरोबर होतं. मी म्हटलं, "काका, या खिडकीत बघा. देणारे, एक. सगळा प्रकार एकाच माणसाच्या मशीनवर चाललाय. तो ते सकाळी थोडा वेळ लावतो आणि बंद करतो. तुमच्या लाइनला काही झालेलं नाही."

"मले माहीत आहे एकच आहे."

"कोण आहे?"

ते उठले आणि चपला घालून एक्स्चेंजच्या पायरीकडे चालते झाले.

कोण आहे ते काकूंनी सांगितलं. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"डोंगरगडवाला आहे तो. यायचा दोस्त."

काका तरुणपणापासून रेडिओचे नादी. एका परदेशी रेडिओच्या हिंदी सेवेवर श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम लागायचा. लोक पत्र पाठवत आणि निवेदक त्यातली काही नावगावासकट वाचून दाखवी. डोंगरगडला, म्हणजे छत्तीसगडात, एक कापडदुकानदार होता. तोही असाच वेडा. एकमेकांची नावं रेडिओवर ऐकून दोघांची ओळख झाली. मग पत्रं, मग फोन, मग सणावारी एकमेकांकडे जाणं. पुढे दोघे मिळून एकच पत्र पाठवू लागले. मजकूर काकांचा, कारण त्यांच्या डोक्यात कल्पना यायच्या. अक्षर डोंगरगडवाल्याचं, कारण त्याचं हिंदी चांगलं होतं; पोस्टात टाकायचाही तोच. वाचताना निवेदक दोघांचीही नावं घ्यायचा.

मग ती हिंदी सेवाच बंद व्हायची ठरली. शेवटच्या कार्यक्रमासाठी दोघांनी निरोपाचं पत्र लिहिलं.

"हे तं रडत होते लिवताना," काकू म्हणाल्या. "कागद फाडत, मंग अजून लिवत. अन् रेडिओवर वाचलं तं नाव एकाचंच. डोंगरगडवाल्याचं."

काकांनी त्याला लगेच फोन केला. तो म्हणाला, दोन्ही नावं वाचली, मी माझ्या कानांनी ऐकली, तुमच्या रेडिओत आवाज गेला असेल. टेलिफोन खात्यातल्या माणसाला तो असं म्हणाला. काका म्हणाले, मग तू टेप केलं असशील, ते ऐकव. तो म्हणाला, या घरी, ऐकवतो. काका म्हणाले, तुझ्या घरची पायरी चढणार नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. काकूंनी हे सांगितलं तोवर त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"आता त्यानं साऱ्या टेपा कॉम्प्युटरवर टाकल्या मनते. ज्याले पायजे त्यानं घ्या. त्यात तो शेवटचा पन आहे. हे त्याच्यासाठीच बसून राहिले. मी खरा का तो खरा." काकूंनी सुपातला खडा काढून फेकला. "दोघंई म्हातारे झाले, मॅडम."

त्या संध्याकाळी मी काकांना सरळ म्हटलं, "त्यांना फोन करा आणि मशीन दोन दिवस सलग चालू ठेवा म्हणावं. नाहीतर पेन ड्राइव्हमध्ये घालून पोस्टाने पाठवायला सांगा. एका दिवसाचं काम आहे."

"मी त्याच्याकडं मांगू? कायले मांगू?"

"आत्ताही त्यांच्याकडूनच घेताय ना."

"हे मांगनं नोय. त्यानं साऱ्यायसाठी ठेवलं आहे. मी साऱ्यायमधला एक."

पण साऱ्यांपैकी आता दुसरं कुणीच उरलं नव्हतं. ज्यांना हवं होतं त्यांनी कधीच उतरवून घेतलं होतं आणि आपापली मशीनं बंद केली होती. खिडकीत देणारा एक दिसायचा आणि घेणारा एक. मला वाटतं, डोंगरगडलाही पडद्यावर हेच दिसत असणार. घेणाऱ्याच्या पत्त्यावरून गाव काही अचूक कळत नाही, पण आपल्याच जुन्या टेपा इतक्या चिवटपणे मागत बसणारा कोण असेल, हे त्याला सांगावं लागलं नसेल.

पट्टी निम्म्याच्या बरीच पुढे गेली आणि पावसाळ्याच्या सुमारास देणारा नाहीसा झाला. एकाच्या जागी शून्य आलं. काकांनी नवा राउटर आणला, मग जुनाच परत लावला. कनेक्शनवाल्याला इतक्या शिव्या दिल्या की तो काकूंकडे येऊन रडवेला झाला. वायर बदलली, प्लग बदलला. महिना होत आला. मग एक दिवस ते काही बदलेनासे झाले. नुसते बसून राहू लागले. जेवायला हाक मारली तर येत, पण वाढलेलं तसंच ठेवून उठत. बाहेर भाताची रोवणी चालली होती, सगळं गाव चिखलात होतं आणि हा माणूस बंद खोलीत एका शून्यासमोर बसलेला. मी कॉलेजातून आले की दारातून डोकावत असे. एकदा ते मागे न बघताच म्हणाले, "मॅडम, समोरून कोनी उचलून नाई राहिलं."

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग एका दुपारी देणारा परत आला. या वेळी तो सकाळपुरता थांबला नाही. दिवसभर राहिला, दुसऱ्या दिवशीही राहिला. पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. मी घरी आले तेव्हा काकांचा शेवटचा भाग ऐकून झालेला होता. त्यांनी मला खुर्ची दिली आणि तो पुन्हा लावला.

रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. निवेदकाचा आवाज भरून आलेला. "डोंगरगढ़ से हमारे बरसों पुराने साथी लिखते हैं..." आणि मग ते पत्र. सुंदर होतं. रेडिओचा दिवा विझल्यावरही काच थोडा वेळ कोमट राहते, असं काहीतरी त्यात होतं, आणि ते काकांचं वाक्य होतं हे मला न सांगताही कळलं. पत्र संपलं. निवेदकाने आभार मानले, पुन्हा डोंगरगडचंच नाव घेतलं आणि पुढचं पत्र उचललं. दुसरं नाव कुठेच नव्हतं.

"नाई न?" काका म्हणाले.

"नाही."

"मी खरा होतो."

आतून काकू म्हणाल्या, "मंग आता जेवा."

ते जेवले नाहीत. मोबाइल घेऊन बसले. जुन्या श्रोत्यांचा एक ग्रुप होता, त्यात त्यांना हे सगळ्यांना सांगायचं होतं. चष्मा लावून ते थोडा वेळ वाचत राहिले आणि मग मोबाइल माझ्या हातात दिला. कुणीतरी त्या सकाळी लिहिलं होतं की डोंगरगडच्या भाईसाहेबांना महिन्यामागे अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली, सर्वांनी प्रार्थना करावी.

काका पडद्याकडे वळले. देणारा अजून तिथेच होता.

"मंग मशीन कोनं चालू केली?" काका म्हणाले.

काकूंचे गुडघे चालत नव्हते, म्हणून त्यांनी मला बरोबर पाठवलं. "तुमी जा यायच्या संग. हे तटी जाऊनसुद्धा भांडतीन." जवळच्या सौंदड स्टेशनवरून आम्ही गोंदियाची गाडी धरली आणि गोंदियाहून डोंगरगडची. वाटेत काका खिडकीबाहेरचे टेलिफोनचे जुने खांब बघत होते. तारा नसलेले.

दार सुनेने उघडलं. काकांनी आपलं गाव सांगताच ती बाजूला झाली, जणू त्यांचीच वाट बघत होती. पायरीपाशी काका क्षणभर थबकले आणि चढले.

"बाबूजी दिनभर उधर हाथ दिखाते थे," ती म्हणाली. "कभी पानी दिया, कभी पंखा चलाया, टीवी लगाया. और चिढ़ जाते थे. फिर एक दिन मैंने कंप्यूटर चालू कर दिया, तो शांत हो गए. तब से बंद करने ही नहीं देते."

खोलीत कॉम्प्युटर चालू होता. पलंग असा वळवून ठेवलेला, की पडून पडदा दिसेल. पलंगावर एक लहानखुरा, गोरा म्हातारा होता, चेहरा एका बाजूला ओघळलेला. काकांना बघून त्याचा डावा हात वर आला.

काका शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी आधी पलंगाखाली गेलेली वायर बघितली, मग राउटरचे दिवे बघितले. दिवे नीट होते. आता बघायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"मिल गया," ते म्हणाले. "पूरा आ गया."

त्याने डोळे मिटून उघडले.

"सुन लिया मैंने. आख़िरी वाला." काका थांबले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला भीती वाटत होती. "तू सही था. मेरा नाम है उसमें. मेरे ही रेडियो का आवाज गया था उस दिन."

म्हाताऱ्याची मान हलू लागली. आधी मला वाटलं, तो हो म्हणतोय. पण मान आडवी हलत होती. डाव्या हाताने त्याने काकांचं मनगट धरलं आणि तो मान हलवत राहिला. नाही, नाही, नाही. घशातून नुसता आवाज येत होता, शब्द होत नव्हता.

"है, बोला ना!" काकांचा आवाज चढला. "मैंने सुना है!"

नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मनगटावरची बोटं पांढरी पडली. त्याने हात सोडून कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर आपटलं, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.

"अरे, आहे म्हनतो न मी! दोनी नावं आहेत!" काका आता मराठीत ओरडत होते. सून धावत आली, क्या हुआ, क्या हुआ म्हणत. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. एक म्हातारा ओरडत होता आणि दुसरा मान हलवत होता, आणि दोघांपैकी कुणीच मागे हटत नव्हतं. शेवटी थकून त्या म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. काकांनी त्याची चादर नीट केली. आम्ही निघालो.

डोंगरगडच्या फलाटावर मी विचारलं, "ते काय सांगत होते, ते तुम्हाला कळलं ना?"

"कळलं."

"मग सांगू का नाही दिलंत त्यांना?"

गाडी यायला वेळ होता. काका रुळांकडे बघत राहिले. "त्यानं सांगतलं असतं तं मले माफ करावं लागलं असतं. ते मले जमत नाई, मॅडम. आजवर कोनालेच केलं नाई. तटी जाऊन जमलं नसतं तं काय केलं असतं?"

डोंगरगडवाला दिवाळीआधी गेला. काका अंत्यविधीला गेले नाहीत. सुनेने कॉम्प्युटर बंद केला असावा, कारण खिडकीत पुन्हा शून्य आलं आणि नंतर ते बदललं नाही.

मग एके दिवशी काकांनी कनेक्शनवाल्याला बोलावलं आणि जास्तीचे पैसे भरून वेगळा पत्ता घेतला. आता बाहेरचं कुणीही थेट त्यांच्या मशीनपर्यंत पोचू शकत होतं. ग्रुपवर लोक डोंगरगडच्या भाईसाहेबांच्या टेपा मागत होते. माणूस गेल्यावर सगळ्यांनाच त्या पुन्हा ऐकायच्या होत्या. काकांनी साऱ्या टेपा द्यायला सुरुवात केली. मशीन बंद होईना. फ्रिज मात्र परत सुरू झाला. घेणाऱ्यांच्या खिडकीत देणारा एक दिसत असणार, आणि तो आता सडक अर्जुनीत होता.

मार्चमध्ये माझं कॉलेजचं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेले, तर काका मोबाइलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होते. बिलासपूरचा कुणी श्रोता होता. सगळं छान उतरलं, फक्त शेवटचा भाग येत नाही, पट्टी टोकाला येऊन आठवडाभर अडकली आहे, काय करावं, असं तो विचारत होता.

मी पडद्याकडे बघितलं. यादीत सगळे भाग होते. शेवटच्या भागासमोरची खूण काढलेली होती, आणि मी माउस हातात घेऊन बघितलं तर ती फाइलही मशीनमध्ये नव्हती. काकांनी मला बघू दिलं. 

मग चष्मा नाकावर सरकवून एकेक अक्षर दाबत त्यांनी बिलासपूरवाल्याला लिहिलं, की इथून सगळं व्यवस्थित जातंय, दोष तुमच्याकडच्या लाइनमध्ये आहे, राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा.